गाडी आहे, पण गादी नाही

ऐका हं. हळूच ऐका. या गोष्टीत एक बाळ आहे, आणि त्याला झोप आली आहे.

ओढ्याच्या काठाला एक करवंदाची जाळी. जाळीखाली एक बीळ. बिळात राहायची एक उंदरीण. केवढी होती? चिमटीत मावेल एवढी. म्हणून तिचं नाव चिमटीबाई.

चिमटीबाईला एक बाळ. गोल गोल. मऊ मऊ. टोपीच्या गोंड्यासारखं. म्हणून त्याचं नाव गोंडू.

चिमटीबाईकडे एक झोळी होती. झोळी पाठीला बांधायची, झोळीत गोंडूला ठेवायचं. चिमटीबाई चालली की झोळी हलायची. झुलू झुलू, झुलू झुलू. गोंडूचे डोळे मिटायचे.

एकदा काय झालं? झोळी अडकली करवंदाच्या काट्यात.

टर्रर्र!

चिमटीबाईनं गोंडूला पटकन झेललं. पण झोळी पडली ओढ्यात. डुबुक! पाण्यावर तरंगली. गोल फिरली. आणि गेली वाहत, लांब, लांब, लांब.

चिमटीबाई बघतच राहिली.

आता गोंडू कुठे झोपणार? मांडीवर घेतला, रांगत सुटला. पाठीवर घेतला, घसरून आला. पानावर ठेवला, पान चावत बसला. झोप तर आलेली. डोळे चोळून चोळून लाल. पण झोपेचं नाव नाही.

"चूं चूं चूं!" गोंडू रडला.

"अरे माझ्या राजा," चिमटीबाई म्हणाली, "आपण तुला एक गाडी आणू या. बाबागाडी! चाकं फिरतील गुडगुड, गुडगुड. मग झोपशील ना?"

गोंडू म्हणाला, "चूं."

म्हणजे हो.

चिमटीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू उजव्या कडेवर. चूं चूं चूं!

आंब्याच्या झाडावर होता सुतारपक्षी. डोक्यावर लाल तुरा. चोचीत भुसा. टक टक टकाटक! टक टक टकाटक! तो बाळांसाठी गाड्या करायचा. झाडाखाली तीन गाड्या उभ्या होत्या.

"सुतारदादा, सुतारदादा, गाडी देता का? गोंडू माझा झोपत नाही!"

"देईन की गं, का नाही देणार?" सुतारदादा खाली उतरला. "पण आधी बसवून बघ. गाडी बाळाला आवडायला हवी."

पहिली गाडी उंच. बांबूची. चिमटीबाईनं गोंडूला उचललं, वर, वर, वर, आणि गाडीत बसवलं.

गोंडूनं समोर बघितलं. झाड दिसलं. आभाळ दिसलं. मुंगी दिसली. पण आई? आई तर मागे!

"चूं चूं चूं!"

"नको बाई," चिमटीबाई म्हणाली. "हिच्यातून मी दिसत नाही."

दुसरी गाडी रुंद. फणसाच्या फळीची. गोंडू आत लोळला. इकडून तिकडे. तिकडून इकडे. खुदकन हसला!

पण चिमटीबाईनं शेपटीनं गाडी मापली. मग डोळे मिटून आपल्या बिळाचं दार आठवलं. दार एवढंसं. गाडी एवढी!

"नको बाई," चिमटीबाई म्हणाली. "ही दारातच अडकेल. मग आम्ही रोज बाहेर."

तिसरी गाडी छोटी. आंब्याच्या ढलपीची. चार सागरगोट्यांची चार चाकं. आणि बसायची जागा कशी? आईकडे तोंड करून.

गोंडू बसला. समोर कोण? आई! तिच्या मिशा. तिचे कान. तिचं नाक.

गोंडू टुकुटुकु बघायला लागला. रडायचं विसरला.

"हीच!" चिमटीबाई म्हणाली. "हीच आमची गाडी."

तेवढ्यात गोंडू हलला. लाकूड टोचलं. "चूं चूं चूं!"

सुतारदादानं मान हलवली. "बघ. बोचलं ना? गाडी आहे, पण गादी नाही. नुसतं लाकूड बाळाला बोचतं. मी नाही तशी गाडी देत. गादी नाही, तोवर गाडी नाही. तू जा शिंपिणीकडे."

"बरं," म्हणाली चिमटीबाई.

चिमटीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू डाव्या कडेवर. चूं चूं चूं!

बदामाच्या पानात होती शिंपीण चिमणी. हिरवी पाठ, वर उभी शेपटी. टुवी टुवी! टुवी टुवी! ती पानाला पान शिवत होती. चोच तिची सुई. कोळ्याचं जाळं तिचा दोरा.

"शिंपीणताई, शिंपीणताई, गादी शिवता का?
सुतार गाडी देत नाही,
गोंडू माझा झोपत नाही!"

"शिवीन की गं, का नाही शिवणार?" शिंपीणताई म्हणाली. "सुई आहे. दोरा आहे. पानाची खोळ आहे. पण आत काय भरू? माती भरू? खडे भरू? कापूस लागतो बाई, कापूस! कापूस नाही, तोवर गादी नाही. तू जा सावरीकडे."

"बरं," म्हणाली चिमटीबाई.

चिमटीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू पाठीवर. चूं चूं चूं!

बांधावर होती सावर. उंच उंच झाड. एवढं उंच, की वरची फांदी बघताना चिमटीबाई मागे पडली. धप्प! फांद्यांवर बोंडंच बोंडं. तपकिरी. मिटलेली. सगळी गप्प.

"सावरमावशी, सावरमावशी, कापूस देता का?
शिंपीण गादी शिवत नाही,
सुतार गाडी देत नाही,
गोंडू माझा झोपत नाही!"

"देईन की गं, का नाही देणार?" सावरमावशी वरून म्हणाली. तिचा आवाज खाली यायला वेळ लागला. "कापूस भरपूर आहे. बोंडात आहे. पण बोंडं घट्ट मिटली आहेत बाळा. मला का हात आहेत? वारा यावा लागतो. वारा मला हलवतो, मग बोंडं उघडतात. वारा नाही, तोवर कापूस नाही. तू जा वाऱ्याकडे."

"बरं," म्हणाली चिमटीबाई.

"पण मावशी, वारा राहतो कुठे?"

"त्या तिकडे. डोंगराच्या कपारीत. चार दिवस झाले, बाहेरच आला नाही."

चिमटीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू खांद्यावर. चूं चूं चूं!

गवत लागलं. गवत हलत नव्हतं. फुलपाखरू लागलं. फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. सगळं कसं शांत. सगळं कसं स्वप्नातल्यासारखं.

कपारीत होता वारा. अंगाची गुंडाळी करून. एक पाय वर, एक पाय खाली. सूंऽऽ सूंऽऽ. अगदी बारीक.

"वारेदादा, वारेदादा, वाहता का?
सावर कापूस देत नाही,
शिंपीण गादी शिवत नाही,
सुतार गाडी देत नाही,
गोंडू माझा झोपत नाही!"

"वाहीन की गं, का नाही वाहणार?" वारेदादा म्हणाला. "मला का आवडतं इथं? माझे पाय बघ, मुंग्या आल्या! पण वर दाराशी बघ कोण बसलंय. ढग! हा एवढा मोठा. दार अडवून बसलाय. मी बाहेर कसा येऊ? ढग नाही हलत, तोवर मी नाही वाहत. तू जा ढगाकडे."

"बरं," म्हणाली चिमटीबाई.

चिमटीबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू डोक्यावर, आईचे दोन्ही कान धरून. चूं चूं चूं!

आता चढ लागला. चिमटीबाई दमली. एक दगड चढली, थांबली. दुसरा दगड चढली, थांबली. आणि मग सगळं पांढरं झालं. आजूबाजूला पांढरं. वरती पांढरं. चिमटीबाईच्या मिशांवर पाण्याचे बारीक बारीक थेंब.

तोच ढग. चिमटीबाई ढगातच उभी होती.

"ढगोबा, ढगोबा, हलता का?
वारा काही वाहत नाही,
सावर कापूस देत नाही,
शिंपीण गादी शिवत नाही,
सुतार गाडी देत नाही,
गोंडू माझा झोपत नाही!"

"हलेन की गं, का नाही हलणार?" ढगोबा म्हणाला. त्याचा आवाज ओला ओला. "मला पलीकडच्या गावाला जायचंय. कधीचं जायचंय. पण हे बघ. माझं उपरणं."

चिमटीबाईनं बघितलं. ढगोबाच्या खांद्यावर लांब पांढरं उपरणं. उपरण्याचं टोक खाली गेलेलं. खाली, खाली, आणि डोंगराच्या मुठीत!

"डोंगरानं धरून ठेवलंय," ढगोबा म्हणाला. "ओढलं तर फाटेल. डोंगर नाही सोडत, तोवर मी नाही हलत. तू जा डोंगराकडे."

"बरं," म्हणाली चिमटीबाई. अगदी हळू म्हणाली.

चिमटीबाई निघाली. तुरु... तुरु. तुरु... तुरु. गोंडू पुन्हा कडेवर. चूं... चूं... चूं. गोंडूही दमला. पण झोपला? नाही.

डोंगर कुठे असतो? सगळीकडे. चिमटीबाई त्याच्यावरच चालत होती. मग ती खाली उतरली, पायथ्याशी आली, आणि मान वर केली.

केवढा डोंगर! खांद्यावर झाडं. छातीवर खडक. गुडघ्यावर गवत. आणि दगडाची एक मोठ्ठी मूठ, घट्ट मिटलेली.

"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, उपरणं सोडता का?
ढग जागचा हलत नाही,
वारा काही वाहत नाही,
सावर कापूस देत नाही,
शिंपीण गादी शिवत नाही,
सुतार गाडी देत नाही,
गोंडू माझा झोपत नाही!"

चिमटीबाई थांबली. गोंडू थांबला.

मग जमिनीच्या आतून आवाज आला. घूंऽऽऽ. "नाही सोडणार."

"का हो आजोबा?"

"सगळे जातात," डोंगर म्हणाला. "पाणी येतं, पाणी जातं. पाखरं येतात, पाखरं जातात. गुरं येतात, माझ्या मांडीवर बसतात, घरी जातात. ढग आला, तोही म्हणतो जातो. मग मी धरून ठेवलं."

"मग सोडा ना आता."

"नाही. मला झोपच येत नाही. सगळे माझ्या मांडीवर झोपतात. मला कोण घेतं मांडीवर? मला कोण थोपटतं?"

चिमटीबाईनं डोंगराकडे बघितलं. मग आपल्या मांडीकडे बघितलं. एवढीशी मांडी! तिच्यावर गोंडूसुद्धा पुरता मावायचा नाही.

आता काय करायचं? घरी जायचं? कसं जायचं?

चिमटीबाई मटकन खाली बसली. गोंडूला जवळ घेतलं. आणि त्याच्या कानात म्हणाली, हळूच:

"डोंगर उपरणं सोडत नाही,
ढग जागचा हलत नाही,
वारा काही वाहत नाही,
सावर कापूस देत नाही,
शिंपीण गादी शिवत नाही,
सुतार गाडी देत नाही,
आणि तू रे माझा झोपत नाही!"

गोंडू आईकडे बघत राहिला. डोंगरही बघत राहिला. एक छोटं बाळ. एक मोठं बाळ. दोघांनाही झोप हवी. दोघांनाही येत नाही.

चिमटीबाईला एकदम माया आली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या मांडीवर मावत नाही. पण हात पोचतो तिथवर थोपटते. चालेल?"

डोंगराच्या गुडघ्यावरचं गवत थोडं हललं.

चिमटीबाईनं एक हात ठेवला गोंडूच्या पाठीवर. एक हात ठेवला डोंगराच्या पायावर. आणि थोपटायला लागली.

थोप थोप. थोप थोप.

आणि गायला लागली:

"निजा निजा आजोबा, मिटा मिटा डोळे,
पायापाशी निजले बघा दगडांचे गोळे.
थोप थोप पाठीवर, थोप थोप पोटी,
डोंगर झाला बाळ आणि आई झाली मोठी."

आवाज केवढासा! मुंगीला ऐकू जाईल एवढा. पण डोंगराला ऐकू गेला. कारण ती त्याच्यासाठीच गात होती.

थोप थोप. थोप थोप.

डोंगराच्या खांद्यावरची झाडं सैल पडली. छातीवरचे खडक सैल पडले. डोंगरानं एक जांभई दिली. आऽऽऽ! जांभईतून दोन पाकोळ्या बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

थोप... थोप. थोप... थोप.

घुर्रर्र. घुर्रर्र. डोंगर झोपला!

आणि झोपल्यावर बाळाची मूठ कशी होते? सैल होते ना? एक बोट उघडतं. मग दुसरं. मग तिसरं.

डोंगराची मूठ उघडली. उपरणं सुटलं!

डोंगरानं उपरणं सोडलं. मग ढगोबा उठला. त्यानं आळस दिला. उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. "येतो हं चिमटीबाई!" आणि निघाला आभाळातून, मऊ मऊ, संथ संथ.

"परत या हो," चिमटीबाई म्हणाली. "आजोबा उठले की तुमची वाट बघतील."

"येणार तर! पलीकडचं गाव बघतो आणि येतो."

डोंगरानं उपरणं सोडलं,
ढग जागचा हलला.

मग कपारीतून वारा बाहेर आला. सूंऽऽऽ! पाय झाडले. हात झाडले. गवतावरून धावला. गवत म्हणालं सळसळ. फुलपाखरानं पंख उघडले.

"चला चिमटीबाई, मी पुढे होतो!"

चिमटीबाई उठली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोंडू कडेवर, टुकुटुकु बघत.

डोंगरानं उपरणं सोडलं,
ढग जागचा हलला,
वारा सूंसूं वाहिला.

वाऱ्यानं सावर धरली आणि हलवली. ही फांदी, ती फांदी. फट्! एक बोंड उघडलं. फट् फट्! दोन बोंडं उघडली. फट् फट् फट्! आणि कापूस उडाला.

केवढा कापूस! पांढरा पांढरा. हलका हलका. आभाळभर कापसाच्या म्हाताऱ्या. एक गोंडूच्या नाकावर बसली. एक चिमटीबाईच्या शेपटीवर बसली. गोंडूनं तोंड उघडलं, तर एक तोंडातच! फू! फू!

गोंडू हसला. चिमटीबाईही हसली. कितीतरी वेळानं हसली.

"घे, पुरे का?" सावरमावशी म्हणाली.

"पुरे पुरे, मावशी! घर भरेल!"

डोंगरानं उपरणं सोडलं,
ढग जागचा हलला,
वारा सूंसूं वाहिला,
सावरीनं कापूस दिला.

वारा कापूस घेऊन पुढे. चिमटीबाई मागे. शिंपीणताई वाटच बघत होती. टुवी टुवी! तिनं कापूस घेतला, खोळीत भरला. चोचीनं दाबला. इकडे एक टाका, तिकडे एक टाका. दोरा ओढला. गाठ मारली.

"हात लावून बघ."

चिमटीबाईनं हात लावला. हात आत गेला. आत गेला, आणि तिथंच राहावंसं वाटलं.

डोंगरानं उपरणं सोडलं,
ढग जागचा हलला,
वारा सूंसूं वाहिला,
सावरीनं कापूस दिला,
शिंपिणीनं गादी शिवली.

चिमटीबाईनं गादी डोक्यावर घेतली. गोंडूला कडेवर घेतलं. तुरुतुरु, तुरुतुरु. आंब्याच्या झाडाखाली आली.

"सुतारदादा, सुतारदादा, ही बघा गादी! आता गाडी देता का?"

सुतारदादानं गादी चोचीनं टोकली. मऊ. खालून टोकली. मऊ. चारी कडांनी टोकली. मऊ, मऊ, मऊ, मऊ.

"देतो की!" तो म्हणाला. "घेऊन जा तुझी गाडी!"

छोटी गाडी. चार सागरगोट्यांची चार चाकं. आत मऊ गादी. गादीवर गोंडू. समोर आई.

डोंगरानं उपरणं सोडलं,
ढग जागचा हलला,
वारा सूंसूं वाहिला,
सावरीनं कापूस दिला,
शिंपिणीनं गादी शिवली,
सुतारदादानं गाडी दिली,
आणि गाडी चालली...

गुडगुड, गुडगुड.

गोंडूनं आईचे कान बघितले. गुडगुड, गुडगुड. आईच्या मिशा बघितल्या. गुडगुड, गुडगुड. आईचं नाक... अर्धंच बघितलं.

डोळे मिटले.

गोंडू झोपला!

"श्शू," म्हणाली चिमटीबाई. कुणाला म्हणाली? सगळ्यांना.

सुतारदादानं चोच मिटली. शिंपीणताईनं सुई ठेवली. सावरमावशी हलायची थांबली. लांबवर डोंगर घोरत होता. घुर्रर्र. घुर्रर्र. तो कशाला थांबेल?

वारेदादा पायाच्या बोटांवर आला. "तू बस," तो कानात म्हणाला. "गाडी मी हलवतो."

चिमटीबाई थांबली. तिचे हात रिकामे झाले. तिनं ते बघितले. उजवा हात. डावा हात. दोन्ही रिकामे! तिनं हात वर केले. हात झुलवले. आणि एवढी मोठ्ठी जांभई दिली, की तिच्या मिशा मागे कानांना टेकल्या.

ओढ्याच्या काठी ऊन कोवळं झालं होतं. कापूस अजून हळूहळू खाली येत होता. गवतावर पडत होता. चिमटीबाई त्याच्यावर आडवी झाली. नुसतीच. थोडा वेळ.

वारा गाडी पुढे नेई. वारा गाडी मागे आणी. गुडगुड... गुड. गुडगुड... गुड.

एक म्हातारी आली तरंगत. चिमटीबाईच्या पापणीवर बसली.

चिमटीबाईही झोपली.

आता आपणही आवाज बारीक करू या. आणखी बारीक. गोष्ट आता पांघरुणात शिरली आहे, आणि तिचे पाय तेवढे बाहेर राहिलेत. ते हळूच आत घेऊ.